भुईचाफा सावलीत फुलत नाही? आधी हिवाळ्यातलं पाणी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात सोसायटीत तळमजल्यावर घर, इमारतीच्या उत्तरेला भिंतीलगत तीन फूट रुंदीचा मातीचा पट्टा आणि पट्ट्याच्या एका टोकाला मोठा आंबा. दोन पावसाळ्यांपूर्वी नर्सरीतून पानांनी भरलेला भुईचाफा आणून तिथे लावलात. त्या वर्षी पानं छान वाढली, थंडीत नाहीशी झाली, उन्हाळ्यात फूल मात्र आलं नाही. गेल्या पावसाळ्यात कशीबशी दोन पानं आली. आता फेब्रुवारीत उकरून पाहिलंत तर गड्डा एका बाजूने मऊ पडलेला. जागा सावलीची आहे म्हणून असं होतंय का आणि झाड गच्चीवर उन्हात हलवू का, असं तुम्ही विचारलंय.

गच्चीवर हलवू नका. एप्रिलच्या पुण्यातल्या उन्हात फुलं दुपारच्या आतच मलूल होतील, आणि ऑक्टोबरमध्ये पानांच्या कडा करपतील. तुमच्या पट्ट्यात उजेड कमी पडतोय असं वर्णनावरून वाटत नाही. पहिल्या वर्षी पानं चांगली वाढली, त्यातच ते आलं. बिघडलंय ते हिवाळ्यात. गड्डा मऊ पडणं ही उजेड कमी पडल्याची खूण नव्हे, ओल जास्त झाल्याची आहे. सावलीचा दोष असलाच तर एवढाच, की सावलीतली माती लवकर वाळत नाही.

हे नीट कळायला भुईचाफ्याचं वर्ष डोळ्यांसमोर आणावं लागतं. झाड आलं-हळदीच्या कुळातलं. मार्चअखेर ते मे या काळात, जमिनीवर एकही पान नसताना, थेट मातीतून फुलं वर येतात. पांढऱ्या पाकळ्या, खाली मधोमध दुभंगलेला जांभळट ओठ आणि वाकून घ्यावा असा गोड वास. एक फूल जेमतेम दिवसभर टिकतं, पण एका गड्ड्यातून फुलं एकामागून एक येत राहतात. ती संपत आली की पावसाच्या सुमारास पानांची सुरळी वर निघते. पान वरून हिरवं, त्यावर फिक्या रंगाची नक्षी, आणि उलटं केलं की जांभळं. जून ते ऑक्टोबर ही पानं काम करतात, दिवाळीच्या आसपास पिवळी पडून झोपतात, आणि त्यानंतर मार्चपर्यंत वर काहीच नसतं.

म्हणजे एप्रिलमध्ये फूल येतं तेव्हा अन्न तयार करायला झाडाकडे पानच नसतं. ते फूल आदल्या पावसाळ्याच्या शिदोरीवर येतं. म्हणून फूल आलं नाही की एप्रिलमध्ये खत-पाणी वाढवून काही उपयोग होत नाही. दोनच गोष्टी तपासायच्या: आदल्या जून ते ऑक्टोबरमध्ये पानांना पुरेसं मिळालं का, आणि नोव्हेंबर ते मार्च ती शिदोरी मातीत शाबूत राहिली का. तुमच्याकडे पहिली बाजू बरी होती, दुसरी नासली. गड्डा अर्धा कुजल्यावर पुढच्या पावसाळ्यात दोनच पानं येणार, हे ओघानेच आलं.

पुढे जाण्याआधी एक खात्री करून घ्या. तुमच्याकडे आहे तो भुईचाफाच ना? नर्सरीत या नावाखाली दोन-तीन वेगळी झाडं विकली जातात. खऱ्या भुईचाफ्याची पानं उभी राहतात, साधारण फूट-दीड फूट उंच. पानं जमिनीवर चपटी पसरलेली असतील, मोरपिसासारखी नक्षी असेल आणि पावसाळ्यात पानांच्या मधोमध लहान जांभळट फुलं येत असतील, तर ते याच्याच जवळचं पण वेगळं झाड आहे. तेही सावलीत सुरेख वाढतं, पण त्याची फुलं एप्रिलमध्ये शोधत बसाल तर निराश व्हाल. नवीन आणताना 'केम्पफेरिया रोटुंडा' असं पूर्ण नाव सांगून मागा. हे नाव लिनियसने १७५३ मध्ये दिलं, एंगेलबर्ट केम्पफर या जर्मन वैद्याच्या स्मरणार्थ. जाणत्या नर्सरीवाल्याला या नावावरून नेमकं झाड कळतं.

आता उत्तरेच्या पट्ट्याबद्दल. बागेची उत्तर बाजू म्हटलं की लोक ती फुलांसाठी बाद धरतात आणि तिथे मनीप्लांट सोडून देतात. आपल्या अक्षांशावर हा हिशेब चुकतो. पुण्यात मे महिन्याच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भरदुपारी सूर्य नेमका डोक्यावर असतो, आणि दुसरा असा दिवस जुलैच्या अखेरीस. या दोन दिवसांच्या मधल्या काळात भरदुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो. शिवाय २१ मार्चपासून २३ सप्टेंबरपर्यंत सूर्य उगवतो आणि मावळतो तो पूर्व-पश्चिमेच्या उत्तरेला. म्हणून डिसेंबरमध्ये जी भिंत दिवसभर काळोखी वाटते, तिच्याच पायथ्याशी जून-जुलैत सकाळ-संध्याकाळची तिरपी किरणं येतात, आणि ढग असले तरी मोकळ्या आभाळाचा उजेड मिळतो. भुईचाफ्याची पानं नेमकी त्याच महिन्यांत वर असतात. डिसेंबरच्या सावलीत त्याचं पान नसतंच, तर त्या सावलीचा त्याला त्रास कसला? समोर दुसरी इमारत अगदी चिकटून नसेल, तर उत्तरेचा पट्टा या झाडाला मानवतो. सावलीतल्या बागा करताना मी भुईचाफ्यासाठी ही बाजू पूर्वेच्या खालोखाल पसंत करतो. पश्चिमेची भिंत मात्र टाळतो. तिथे उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत भिंत तापलेली असते आणि फुलं होरपळतात.

तरी जागा अंधारी आहे का, हे बघायला एक साधी चाचणी आहे. जुलैत पाऊस उघडलेला असेल अशा दिवशी, दुपारी बाराच्या सुमारास, पट्ट्यात मातीच्या वर वीतभर उंचीवर तळहात आडवा धरा आणि खाली पांढरा कागद ठेवा. बोटांची सावली पुसट का होईना, वेगवेगळी ओळखू आली तर फुलण्यापुरता उजेड आहे. कागदावर नुसता करडा डाग दिसला तर पानं येतील, फुलं येणं कठीण. काहीच उमटलं नाही तर त्या जागी फुलझाडाचा हट्ट सोडून नेचे लावावेत.

मुख्य मुद्दा पाण्याचा. तुम्ही लिहिलं नाहीत, पण बहुतेक सोसायट्यांमध्ये माळी रोज सकाळी पाइप घेऊन सरसकट सगळीकडे पाणी मारतो. त्याच्या दृष्टीने ती रिकामी माती म्हणजे कोरडी पडलेली जागा, म्हणून तिथे दोन शिंतोडे जास्तच. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेच्या भिंतीशी ऊन नाही, वारा बेताचा, रात्री थंडगार. एकदा भिजलेली माती आठवडाभर ओली राहते. झोपलेल्या गड्ड्याला पाणी ओढायला पान नाही आणि मुळंही काम करत नसतात. कूज आणणाऱ्या बुरशीला याहून सोयीची जागा नाही. आलं-हळद करणाऱ्या शेतकऱ्याला कंदकूज चांगली माहीत असते. आपल्या पट्ट्यात होतं ते त्याच जातीचं.

म्हणून नियम असा ठेवा. ऑक्टोबरमध्ये पानांच्या कडा पिवळ्या पडू लागल्या की पाणी निम्म्यावर आणा. पानं आडवी झाली की पूर्ण बंद करा. पिवळं पान कापू नका, ते पुरतं वाळेपर्यंत त्यातला अंश खाली उतरत असतो. वाळलं की हलक्या ओढीने सुटून हातात येतं. त्यानंतर मार्चपर्यंत एक थेंबही नाही. अवकाळी पाऊस पडला तर जागेवर पालथं घमेलं किंवा कौल ठेवा आणि ऊन पडल्यावर उचला. मार्चच्या मध्यापासून माती न्याहाळत जा. जांभळट-पांढरं टोक मातीला भेग पाडून वर येताना दिसलं की मग दोन-तीन दिवसांआड तांब्याभर पाणी, बाजूने, फुलांवर न घालता. वळवाचा पाऊस पडला तर तेवढंही नको.

माळ्याला सांगून हे होतं का? कधी होतं, कधी नाही. माळी बदलतो, सुट्टीवर जातो, आणि रिकाम्या मातीला पाणी घालू नका हे सांगणं त्याला विचित्र वाटतं. म्हणून तुमच्यासारख्या ठिकाणी मी भुईचाफा थेट जमिनीत लावतच नाही. दहा-बारा इंचांच्या पसरट मातीच्या कुंडीत लावून कुंडी कडेपर्यंत वाफ्यात पुरतो. वर पालापाचोळा पसरला की कुंडी आहे हे कळतही नाही. नोव्हेंबरमध्ये पानं वाळली की कुंडी उचलायची, जिन्याखाली किंवा बाल्कनीच्या कोपऱ्यात आडवी ठेवून द्यायची, आणि मार्च लागला की परत पुरायची. या पद्धतीचा दुसरा फायदा तुमच्या आंब्याच्या टोकाला होईल. आंब्याची बारीक मुळं वरच्या थरातलं खत पावसाळाभर ओढत राहतात. कुंडीच्या भिंतीमुळे भुईचाफ्याचा वाटा त्याच्यापाशी राहतो. मात्र वर्षातून एकदा कुंडी उचलताना खालच्या भोकातून मुळं आत शिरली आहेत का ते बघा आणि असली तर छाटा.

जमिनीतच लावायचं असेल तर आधी निचरा तपासा. फूटभर खोल खड्डा करून पाण्याने भरा, ते मुरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तास-दोन तासांत गेलं तर जागा चांगली. रात्रभर उभं राहिलं तर खाली काळी चिकण माती आहे किंवा बांधकामाचा राडारोडा दाबलेला आहे. सोसायट्यांच्या कडेच्या पट्ट्यांत वर ट्रकभर लाल माती आणि खाली राडारोडा हे नेहमीचंच. तिथे खोदत बसण्यापेक्षा विटांची कड करून वाफा वीतभर उंच उचला.

मिश्रणाचं माझं प्रमाण असं: दोन भाग लाल माती, एक भाग वर्षभर मुरलेलं शेणखत, एक भाग कुजलेला पाला आणि एक भाग बारीक विटांचा चुरा किंवा जाड वाळू. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, यात घालत नाही. ते पाणी धरून ठेवतं, आणि सावलीत नेमकं तेच नको असतं. तयार 'पॉटिंग मिक्स'च्या पिशव्यांत बरेचदा कोकोपीटच जास्त असतं, तेव्हा त्या भुईचाफ्यासाठी वापरू नका. चुलीची राख घालावी का, असं पुष्कळजण विचारतात. कोकणातल्या जांभ्याच्या आंबट मातीत चिमूटभर चालते. पुण्याकडची माती आधीच खारवट-चुनखडीकडे झुकणारी असते, तिथे नको.

आता हातात आहे त्या गड्ड्याचं काय करायचं ते. पूर्ण बाहेर काढा, माती झटका, धुऊ नका. नीट पाहिलंत तर मधे बोटभर जाडीचा खरा गड्डा दिसेल आणि त्याच्या मुळांच्या टोकांना सुपारीएवढ्या गाठी लोंबत असतील. त्या गाठी म्हणजे अन्नाची साठवण. नवीन कोंब फुटतो तो मधल्या गड्ड्यावरच्या डोळ्यातूनच. सुटी गाठ कितीही टवटवीत दिसली तरी तिला डोळा नसतो आणि तिच्यातून झाड येत नाही. विकत घेतानाही हे लक्षात ठेवा, कारण बाजारात कधीकधी नुसत्या गाठीच पुडीत बांधून देतात.

धारदार चाकूने मऊ भाग कापायला लागा. दर कापाला आतला गर बघा: तपकिरी कडा दिसत असेल तर अजून कापा, स्वच्छ फिका गर आणि आल्या-हळदीसारखा तिखट वास आला की थांबा. चाकू मध्येमध्ये पुसा. उरलेल्या तुकड्यावर निदान एक डोळा असेल, म्हणजे टोकदार फुगीर उंचवटा, तर तो जगेल. कापलेल्या बाजूला ट्रायकोडर्माची (कूज रोखणाऱ्या उपयोगी बुरशीची) पावडर लावून दोन-तीन दिवस सावलीत, वाऱ्यावर वाळू द्या आणि मग जवळजवळ कोरड्या मिश्रणात दोन पेरं खोल, डोळा वर करून ठेवा. पाणी कोंब दिसल्यावरच. कापून टाकलेला भाग कंपोस्टात घालू नका, कचऱ्यात द्या. जुन्या जागेची वरची वीतभर मातीही बदललेली बरी.

या उन्हाळ्यात त्याच्याकडून फुलाची अपेक्षा धरू नका. वाचलेला तुकडा आधी स्वतःला सावरेल. निरोगी गड्डे विभागून लावले तरी पहिल्या वर्षी फूल येईलच असं नसतं, आकारावर ठरतं. म्हणून मी दरवर्षी विभागणी करत नाही. कुंडी गच्च भरली, पानं कडेला दाटली, की तीन-चार वर्षांनी फेब्रुवारीत करतो.

खरी मेहनत जूनपासून. पानांची सुरळी उलगडली की कुंडीमागे दोन मुठी गांडूळखत, ऑगस्टमध्ये पुन्हा तेवढंच आणि सोबत थोडी निंबोळी पेंड. युरिया अजिबात नको. सावलीत नत्र जास्त झालं की पानं लांबट, लुसलुशीत होतात, आडवी पडतात आणि गड्डा पाणचट राहतो. पावसाने ओढ दिली तर मात्र पाणी चुकवू नका. हिवाळ्यात पाणी नको हे लोकांच्या इतकं डोक्यात बसतं की ऑगस्टच्या उघडिपीत झाड तहानेलं राहतं, आणि पुढच्या एप्रिलची फुलं तिथेच कमी होतात.

सावलीच्या ओल्या कोपऱ्यात गोगलगायी येणारच. कोवळी सुरळी एका रात्रीत कुरतडतात, पान उलगडलं की आरपार भोकांची रांग दिसते. गोणपाटाचा तुकडा गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी वाफ्यात ठेवा. सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून गोळा करा आणि मिठाच्या किंवा साबणाच्या दाट पाण्यात टाका. मीठ वाफ्यात टाकू नका, माती खराब होते. घुशींचा वावर असेल तर कुंडीच्या तोंडाशी हिवाळ्यात जाळी लावा.

आंब्याचा पाला तुमच्या हाताशी आहे. पण तो जाड, सावकाश कुजणारा. मार्चमध्ये त्याचा थर बाजूला करा, नाहीतर फुलं पानांखालीच उमलून संपतात आणि आपल्याला वाटतं झाड फुललंच नाही. हे मी चांगल्या निगुतीच्या बागांमध्येही पाहिलंय. जूनमध्ये तोच पाला चुरून परत पसरा.

हे सगळं पुण्याच्या हवेला धरून सांगितलं. कोकणात जांभ्याची माती पाणी झरझर सोडते, हिवाळा कोरडा असतो, त्यामुळे परसात भुईचाफा कुणी न बघताही वर्षानुवर्षं येतो. तिथे काळजी घ्यायची ती धो-धो पावसात पागोळ्यांखाली लावू नये एवढीच. विदर्भात मात्र एप्रिल-मेच्या झळांपुढे फूल टिकत नाही, तिथे फक्त सकाळचं कोवळं ऊन येईल अशी पूर्वेची जागा किंवा दाट झाडाखालची जागा शोधावी. परदेशात, थंडीत बर्फ पडतं अशा ठिकाणी, कुंडीतच ठेवावा आणि हिवाळाभर ती कोरडी कुंडी घरात ठेवून द्यावी. तिथे फुलं उशिरा येतात, कारण ऊब उशिरा येते.

राहिला रिकाम्या पट्ट्याचा प्रश्न. नोव्हेंबर ते मार्च तिथे उघडी माती दिसणार आणि तुमचा हात तिथे काहीतरी लावायला जाणार. नेचे, पीस लिली, सिंगोनियम यांना हिवाळ्यातही पाणी लागतं. ती भुईचाफ्याला खेटून लावलीत तर एकाला जगवताना दुसरा कुजेल. ती पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला, आंब्यापासून दूर लावा. भुईचाफ्याच्या जागेवर दोन-चार चपटे दगड ठेवून द्या, म्हणजे खुरपं घेऊन येणाऱ्यालाही कळतं की इथे काहीतरी आहे. कुंड्या पुरायच्या ठरवल्यात तर हा प्रश्नच उरत नाही. भुईचाफ्याची कुंडी निघाली की त्याच खड्ड्यात थंडीपुरती दुसरी कुंडी बसवता येते.

गड्डा कापून झाल्यावर उरलेल्या तुकड्यावर डोळा आहे की नाही याबद्दल शंका वाटली तर कापलेली बाजू आणि वरची बाजू असे दोन फोटो दिवसाच्या उजेडात काढून पाठवा. डोळा नसेल तर वाट बघण्यात पावसाळा घालवू नका. मार्च संपायच्या आत नवीन गड्डा आणा. पानं वाढलेलं रोप जुलैत घेण्यापेक्षा झोपलेला गड्डा घेणं केव्हाही बरं. तो हातात घेऊन दाबून बघता येतो, टणक आहे का, डोळे किती आहेत, सगळं पैसे देण्याआधी कळतं.